वॉलेस आणि स्वर्गपक्षी

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिम भागातील डोंगराळ प्रांत. तेथील अस्क या गावाजवळ, नदीकाठच्या एका साध्या घरात ८ जानेवारी १८२३ रोजी आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा जन्म झाला. त्याच्या वडिलांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. परंतु वकिली मात्र कधी केली नाही. वडिलार्जित पैशाच्या उत्पन्नावर ते राहत, आणि तो पैसाही नको त्या धंद्यांत गुंतवल्यामुळे हळूहळू नाहीसा झाला. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत थोडी. पुढे हे कुटुंब हर्टफर्ड या गावी येऊन राहिले. तेथे काही काळ वडील एका वाचनालयाची व्यवस्था पाहत असत. शाळा सुटली की आल्फ्रेड त्या वाचनालयात जाऊन बसे आणि हाती येईल ते पुस्तक वाचून काढी. शाळेपेक्षा त्या वाचनालयातच तो अधिक शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

चौदा वर्षांचा होतो न होतो तोच त्याची शाळा सुटली. पुढे शिकवण्यास घरी पैसा नव्हता. त्याचा थोरला भाऊ विल्यम जमिनीची मोजणी करण्याचे काम करीत असे. त्याच्या हाताखाली आल्फ्रेड काम शिकू लागला. साखळी ओढीत डोंगर चढावे, शेतांच्या हद्दी मोजाव्या आणि रात्री दिव्यापाशी बसून नकाशे काढावे, असा त्याचा दिनक्रम होता. दिवसभर उघड्यावर हिंडताना पायाखालची रानफुले त्याच्या दृष्टीस पडत. त्यांची नावे काय, एकमेकांशी त्यांचे नाते काय, हे त्याला कोणी सांगणारे नव्हते. म्हणून त्याने वनस्पतिशास्त्राचे एक स्वस्त पुस्तक विकत घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी तो एकटाच झाडे ओळखीत हिंडू लागला.

मोजणीची कामे कमी झाली तेव्हा लेस्टर येथील एका शाळेत त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली. याच गावी हेन्री बेट्स या तरुणाशी त्याची मैत्री जुळली. बेट्सला भुंगे जमवण्याचा नाद होता. एका गावाच्या आसपास भुंग्यांच्या शेकडो जाती असू शकतात, हे वॉलेसला खरेच वाटेना. बेट्सने जमवलेले भुंगे पाहिल्यावर मात्र त्यालाही तोच नाद लागला. दोघांनी प्रवासवर्णने वाचली, बेत केले आणि शेवटी दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या अरण्यात जाण्याचे ठरवले. खर्चासाठी पैसे कोणाजवळच नव्हते. पक्षी, फुलपाखरे व कीटक जमवावे, ते लंडनला एका दलालाकडे पाठवावे आणि विक्रीतून आपला निर्वाह करावा, अशी त्यांची योजना होती. १८४८ साली ते ब्राझीलला निघाले.

चार वर्षे वॉलेसने त्या अरण्यात काढली. त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट त्याच्या मदतीस आला होता. तो १८५१ साली पीतज्वराने मरण पावला. स्वतः वॉलेसही तापाने वारंवार अंथरुणास खिळे. अखेर जुलै १८५२ मध्ये तो हेलन नावाच्या गलबतातून मायदेशी निघाला. बरोबर त्याच्या वैयक्तिक संग्रहातील उत्तमोत्तम नमुने होते, टिपणवह्या होत्या, आणि जिवंत पोपट व माकडेही होती. बंदर सोडून साडेतीन आठवडे झाले असतील. भर समुद्रात गलबताच्या तळघरातील मालाला आग लागली. कप्तानाने होड्या सोडण्याचा हुकूम दिला. धुराने भरलेल्या खोलीत शिरून वॉलेसने एक पत्र्याची पेटी तेवढी उचलली. तीत काही सदरे आणि मासे व ताडवृक्ष यांची काही चित्रे होती. बाकी सर्व काही त्याच्या डोळ्यांदेखत जळाले. जे पक्षी व माकडे आगीपासून दूर पळून गलबताच्या टोकावर जाऊन बसली होती, तीही वाचली नाहीत. एक पोपट तेवढा पाण्यात पडला म्हणून उचलून घेता आला. दहा दिवस गळक्या होड्यांतून पाणी उपसत ही मंडळी तरंगत राहिली. मग क्यूबाहून लंडनला जाणाऱ्या एका जुन्या जहाजाने त्यांना वर घेतले.

लंडनच्या दलालाने दूरदृष्टीने त्या संग्रहाचा दोनशे पौंडांचा विमा उतरवला होता, म्हणून वॉलेसवर उपासमारीची पाळी आली नाही. परंतु चार वर्षांच्या श्रमांची भरपाई कोणता विमा करणार? एखाद्याने समुद्राकडे पुन्हा पाहिलेही नसते. वॉलेसने दीड वर्षात दोन पुस्तके लिहिली आणि तो दुसऱ्या प्रवासाच्या तयारीला लागला.

या वेळी त्याने मलाया द्वीपसमूह निवडला. १८५४ साली तो सिंगापूरला पोहोचला आणि पुढील आठ वर्षे बोर्निओ, सुमात्रा, जावा, सेलेबीस, मोलुक्का, न्यू गिनी अशा बेटाबेटांतून हिंडत राहिला. सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास त्याने केला. तोही बहुधा तेथील लोकांच्या लहान होड्यांतून. आज हा भाग बहुतेक इंडोनेशिया व मलेशिया या देशांत मोडतो. वॉलेस व त्याचे मदतनीस यांनी तेथे एकूण १,२५,६६० नमुने गोळा केले. त्यांपैकी ८३,२०० नुसते भुंगे होते आणि ८,०५० पक्षी होते.

मदतनिसांचे नाव सहसा मागे पडते. परंतु अली या मलायी मुलाला विसरून चालणार नाही. १८५५ साली सारावाक येथे तो स्वयंपाकी म्हणून वॉलेसकडे राहिला. थोड्याच दिवसांत तो पक्षी टिपण्यास, सोलण्यास आणि कातडी नीट वाळवून ठेवण्यास शिकला. होडी हाकण्यात तो निपुण होता आणि वॉलेस आजारी पडला की त्याची शुश्रूषाही करी. संग्रहातील पुष्कळसे पक्षी त्यानेच मिळवलेले होते. १८५८ साली बाचान बेटावर अलीने एक विचित्र पक्षी मारून आणला. त्याच्या छातीवर हिरवी चकाकी होती आणि दोन्ही खांद्यांतून दोन दोन लांब पांढरी पिसे निशाणासारखी उभी राहत. ही स्वर्गपक्ष्याची अगदी नवी जात होती. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले ते मात्र वॉलेसचे.

स्वर्गपक्षी हेच वॉलेसच्या या प्रवासाचे मोठे आकर्षण होते. न्यू गिनी व तिच्या जवळपासची बेटे यांत हे पक्षी राहतात. युरोपातील लोकांना शेकडो वर्षे त्यांची फक्त वाळवलेली कातडी पाहावयास मिळत असत. बेटांवरील लोक कातडी तयार करताना पाय कापून टाकीत. त्यावरून युरोपात अशी समजूत पसरली की, या पक्ष्यांना पायच नसतात, ते कधी जमिनीवर उतरत नाहीत आणि जन्मभर आकाशातच तरंगत राहतात. लिनियस या थोर शास्त्रज्ञाने १७५८ साली त्यांतील मोठ्या जातीला शास्त्रीय नाव दिले, त्याचाही अर्थ बिनपायाचा स्वर्गपक्षी असाच होतो. जिवंत पक्षी त्याच्या रानात जाऊन पाहावा, अशी वॉलेसला उत्कंठा होती.

जानेवारी १८५७ मध्ये तो आरू बेटांवर उतरला. काही दिवसांनी त्याच्या एका नोकराने रानातून एक पक्षी आणून त्याच्या हाती दिला. आकाराने तो साळुंकीएवढाही नव्हता. अंगावर हिंगुळासारखा झळझळीत तांबडा रंग. पोट शुभ्र पांढरे. तांबडा व पांढरा जेथे मिळतात तेथे हिरव्या चकाकीचा पट्टा. डोळ्यावर एक हिरवा ठिपका, चोच पिवळी आणि पाय सुंदर निळे. शेपटीतून तारेसारखी दोन बारीक पिसे निघून त्यांच्या टोकांशी हिरवी गुंडाळी झाली होती. हा राजा स्वर्गपक्षी होय. वॉलेस तो हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिला. आजवर अशा किती पिढ्या या अंधाऱ्या रानात जन्मल्या आणि मेल्या, त्यांचे सौंदर्य पाहण्यास कोणी माणूस नव्हता. तेव्हा ते माणसाच्या करमणुकीसाठी निर्माण झालेले नाही, हे उघड आहे, असे त्याच्या मनात आले. त्याबरोबर दुसराही विचार आला. सुधारलेला माणूस या रानापर्यंत येऊन पोहोचला, तर येथील समतोल बिघडेल आणि ज्या पक्ष्यांचे कौतुक तोच एकटा करू शकतो, तेच त्याच्यामुळे नष्ट होतील. हजारो पक्षी मारून त्यांवर पोट भरणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार यावा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आरूमधील दिवस सुखाचे नव्हते. कीटकांच्या दंशांनी वॉलेसचे पाय सुजले, त्यांवर व्रण झाले आणि कित्येक आठवडे त्याला झोपडीत पडून राहावे लागले. बाहेर रानात मोठ्या स्वर्गपक्ष्यांचा नाच सुरू होण्याचा काळ जवळ येत होता. या जातीचे नर ठरावीक झाडांवर सकाळी जमतात. पंख उंचावून, माना पुढे करून ते आपल्या कुशींतील लांब सोनेरी पिसांचे जुडगे कारंज्यासारखे वर उभारतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहतात. मादी तपकिरी रंगाची व साधी असते. लहान नरही प्रथम तसाच दिसतो. पूर्ण पिसारा येण्यास त्याला काही वर्षे लागतात. नरालाच हा थाट का, मादीला का नाही, आणि या थाटाचा उपयोग तरी काय, हा प्रश्न वॉलेसच्या मनात घर करून राहिला.

त्यापूर्वी दुसऱ्याच एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडावयाचे होते. फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांत तो हिवतापाने आजारी होता. अंगात थंडी भरून आली की पांघरूण घेऊन पडून राहावे, एवढेच त्याच्या हाती असे. अशा वेळी त्याच्या मनात आले की, प्राणी जन्मतात पुष्कळ आणि जगतात थोडे. मग जे जगतात ते कोणते? जे सशक्त, चपळ, परिस्थितीला अधिक जुळणारे, तेच बहुधा जगत असले पाहिजेत. आणि पिढ्यान् पिढ्या असे होत गेले, तर जातींमध्ये बदल घडून नवी जात उत्पन्न होईल. ताप उतरताच त्याने दोन रात्रींत हा विचार लिहून काढला आणि चार्ल्स डार्विनकडे पाठवला. डार्विन वीस वर्षे याच विचारावर काम करीत होता. १ जुलै १८५८ रोजी लंडन येथे दोघांचे लेखन एकाच सभेत वाचण्यात आले. वॉलेस त्या वेळी हजारो मैल दूर होता. पुढे डार्विनची कीर्ती अधिक झाली, पण वॉलेसने त्याचा कधीही मत्सर केला नाही. १८६९ साली प्रसिद्ध झालेला आपला मलाया द्वीपसमूहावरील ग्रंथ त्याने डार्विनलाच अर्पण केला.

फेब्रुवारी १८६२ मध्ये वॉलेस सिंगापूरहून परत निघाला. तेथे एका युरोपीय व्यापाऱ्याजवळ लहान जातीचे दोन स्वर्गपक्षी जिवंत होते. व्यापाऱ्याने शंभर पौंड किंमत सांगितली. ती फार होती. परंतु पक्षी अंगाने सुदृढ दिसत होते आणि भात, केळी व झुरळे यांवर ताव मारीत होते. वॉलेसने ते घेतले. मग त्यांना लंडनपर्यंत जिवंत नेणे हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले. वाटेत तो मुंबईत एक आठवडा राहिला. प्रवासात थोडी विश्रांती मिळावी आणि पक्ष्यांसाठी ताजी केळी भरून घ्यावी, हे त्याचे दोन हेतू होते. केळ्यांचा प्रश्न सुटला, झुरळांचा सुटेना. आगबोट इतकी स्वच्छ होती की तीत झुरळे मिळणे कठीण! कोठारात सापळे लावून आणि रोज रात्री तासभर खलाशांच्या खोल्यांकडे शोध घेऊन त्याला जेमतेम एका जेवणापुरती झुरळे सापडत. माल्टा बेटावर मात्र एका भटारखान्यात ती विपुल मिळाली आणि बिस्किटांचे डबे भरभरून त्याने ती बरोबर घेतली. कडाक्याच्या थंडीतून हे दोन पक्षी लंडनला पोहोचले. तेथील प्राणिसंग्रहालयात ते एक-दोन वर्षे जगले आणि आपला पिसारा फुलवून लोकांना दाखवीत राहिले. अली मात्र पूर्वेकडेच राहिला. निरोप देताना वॉलेसने त्याला पैसे, बंदुका व पुष्कळसे सामान दिले. १९०७ साली एक अमेरिकन शास्त्रज्ञ तेर्नाते बेटावर गेला असता एक म्हातारा माणूस त्याला येऊन भेटला. तो आपले नाव अली वॉलेस असे सांगत होता.

इंग्लंडात परतल्यावर वॉलेसने आपले नमुने नीट लावले, १८६६ साली ॲनी मिटन हिच्याशी विवाह केला, आणि प्राण्यांच्या रंगांचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. काही सुरवंट इतके भडक रंगाचे का असतात, असे डार्विनने त्याला पत्राने विचारले होते. असे सुरवंट चवीला वाईट असले पाहिजेत आणि भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचना असली पाहिजे, असे वॉलेसने सुचवले. पक्ष्यांपुढे सुरवंट ठेवून पाहिल्यावर ते खरे ठरले. पक्ष्यांच्या माद्या साध्या रंगाच्या का, याचेही त्याने उत्तर दिले. उघड्या घरट्यात अंडी उबवणारी मादी भडक रंगाची असेल तर शत्रूच्या नजरेस पडेल. ज्या जातींत घरटे झाडाच्या ढोलीत किंवा बिळात असते, त्यांतील पुष्कळ माद्या नरांसारख्याच रंगीत असतात. आपल्याकडील खंड्या पाहावा. तो मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, आणि त्याचे नर-मादी दोघेही सारखेच निळे.

राहिला तो नराच्या पिसाऱ्याचा प्रश्न. येथे मात्र या दोन मित्रांचे मार्ग वेगळे झाले. १८७१ साली डार्विनने आपले मत सविस्तर मांडले. मादी अनेक नरांमधून अधिक सुंदर नर निवडते. त्याची पिल्ले त्याच्यासारखी होतात. अशी निवड हजारो पिढ्या होत गेली म्हणजे मोराचा पिसारा तयार होतो, असे तो म्हणे. वॉलेसला हे पटेना. पिसाऱ्यातील एखादा डोळा किंचित अधिक रेखीव आहे की नाही, हे लांडोर पारखून पाहत असेल काय, अशी त्याला शंका होती. त्याने प्रश्न उलट बाजूने पाहिला. नराचा रंग सर्वांत तेजस्वी केव्हा असतो? विणीच्या काळात, म्हणजे त्याच्या अंगात जोम अधिक असतो तेव्हा. रंग फिका केव्हा पडतो? आजारात व अशक्तपणात. मग रंग व पिसारा ही अंगातील आरोग्याची आणि वाढत्या शक्तीचीच खूण नव्हे काय? जो नर निरोगी व उत्साही असतो, तोच नाचतो अधिक, झुंजतो अधिक, आणि त्यालाच मादी मिळते. त्याचे रंग तेजस्वी असतात, ते या आरोग्यापाठोपाठ येतात. हा विचार वॉलेसने १८७८ च्या व पुढे १८८९ च्या ग्रंथात आग्रहाने मांडला. मादीच्या सौंदर्यदृष्टीला त्याने त्यात जवळजवळ जागाच ठेवली नाही, आणि येथे त्याचा आग्रह जरा जास्तच झाला, असे म्हटले पाहिजे.

आजारी कोंबड्याचा तुरा फिका पडतो, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. वॉलेसने अशा साध्या गोष्टीतून मोठा अर्थ काढला खरा. परंतु आरोग्याचा रंगाशी संबंध कशामुळे येतो, हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. पिसांतील रंगद्रव्ये कोणती, रक्तातील रोगजंतू कसे मोजावे, यांचे ज्ञान तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यामुळे पुष्कळांनी हे मत बाजूस ठेवले.

मतभेद झाले तरी या दोघांची मैत्री तुटली नाही. वॉलेसला कायमची नोकरी अशी कधी मिळाली नाही. जमवलेला पैसा त्याने वडिलांप्रमाणेच नको तेथे गुंतवून घालवला. तेव्हा डार्विनने स्वतः खटपट करून १८८१ साली त्याला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे वेतन मिळवून दिले. वॉलेसची सर्वच मते बरोबर होती असे नाही. देवीच्या रोगावरील लसीला त्याने पुष्कळ वर्षे विरोध केला. पक्ष्यांच्या आरोग्याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या माणसाने माणसांच्या आरोग्याच्या बाबतीत अशी चूक करावी, याचे आश्चर्य वाटते. लसीचा उपयोग पुढे निर्विवाद ठरला आणि त्या लसीनेच देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला.

उतारवयात वॉलेस इंग्लंडच्या दक्षिणेस ब्रॉडस्टोन येथे राहत असे. तेथे त्याने बाग केली होती आणि तो अखेरपर्यंत लिहीत होता. १९०८ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान त्याला मिळाला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याने देह ठेवला. गावच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. तीवर संगमरवरी पुतळा नाही. लाखो वर्षांपूर्वी दगड बनून गेलेल्या एका झाडाचे खोड उभे केले आहे.

रंगांचा प्रश्न त्याच्याबरोबर संपला नाही. १९८२ साली विल्यम हॅमिल्टन व मार्लीन झुक या दोन शास्त्रज्ञांनी एक नवा विचार मांडला. पक्ष्यांच्या अंगात जंत व रक्तातील परोपजीवी यांचा उपद्रव नेहमीच असतो. अशा उपद्रवाला जो नर तोंड देऊ शकतो, त्याचेच रंग उजळ राहतात. मादी ते रंग पाहून निरोगी नर ओळखते आणि ती प्रतिकारशक्ती तिच्या पिल्लांना मिळते, असा हा विचार होता. म्हणजे निवड करणारी मादी ही डार्विनची आणि रंगातून दिसणारे आरोग्य हे वॉलेसचे. शंभर वर्षांनंतर दोघांचे म्हणणे एकाच वाक्यात आले.

मग प्रयोग सुरू झाले. तांबड्या रानकोंबड्यांची काही पिल्ले घेऊन त्यांतील निम्म्यांना आतड्यातील जंतांची बाधा होऊ देण्यात आली. मोठी झाल्यावर बाधा झालेल्या कोंबड्यांचे तुरे लहान व निस्तेज दिसले, आणि कोंबड्यांच्या माद्यांनी बिनजंताच्या नरांना पसंती दिली. नर निवडताना त्यांचे लक्ष अंगावरच्या पिसांपेक्षा तुऱ्याकडे व डोळ्यांकडे अधिक असे. याचे कारण समजण्यासारखे आहे. पीस एकदा पूर्ण वाढले की ते निर्जीव असते. ते उगवले त्या महिन्यांत पक्षी कसा होता, एवढेच ते सांगू शकते. तुरा, गालावरची कातडी, पायांची कातडी ही जिवंत असतात. त्यांत रक्त खेळत असते. त्यांचा रंग आजची प्रकृती सांगतो. पॅसिफिक महासागराच्या किनारी राहणाऱ्या निळ्या पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्याला दोन दिवस उपाशी ठेवले, तर तेवढ्यातच त्याच्या पायांचा निळा रंग मंद होतो.

पिवळ्या व तांबड्या रंगांचा उगम अन्नात आहे, हेही आता कळले आहे. कॅरोटिनॉइड नावाची ही रंगद्रव्ये पक्ष्याच्या शरीरात मुळातून तयार होत नाहीत. ती फळे, कीटक, शेवाळ अशा अन्नातूनच मिळवावी लागतात. उत्तर अमेरिकेतील हाऊस फिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांत काही नर लालभडक, तर काही फिके पिवळसर असतात. आतड्यात परोपजीवी झाले की, नवी पिसे उगवताना त्यांत लाल रंग नीट उतरत नाही. आणि माद्या लाल नरच पसंत करतात. सर्व जातींत हा नियम सारखाच लागू पडतो असे मात्र दिसून आलेले नाही. काळा व तपकिरी रंग पक्ष्याच्या शरीरातच तयार होतो, आणि निळी-हिरवी चकाकी बहुधा पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसते. त्या रंगांचा आरोग्याशी संबंध शोधणे अधिक अवघड आहे.

सर्वांत नवलाची हकीकत गिधाडाची आहे. महाराष्ट्रातही आढळणाऱ्या पांढऱ्या गिधाडाचा चेहरा पिसांवाचून उघडा असतो आणि त्याची कातडी पिवळीधमक असते. मांस खाऊन हा पिवळा रंग मिळणे शक्य नाही, कारण मांसात ते द्रव्य फारच थोडे असते. २००२ साली स्पेनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हे गिधाड गाई, मेंढ्या व शेळ्या यांची विष्ठा खाते आणि तिच्यातील रंगद्रव्याने आपला चेहरा पिवळा राखते. विष्ठेत पोषण जवळजवळ नसते, आणि जंतांचा धोका मात्र असतो. तो धोका पत्करूनही जो धडधाकट राहतो, त्याचाच चेहरा गडद पिवळा दिसत असावा, असे त्या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.